जानेवारीचा प्रार्थना सप्ताह आला कुठून

जानेवारीत नागपूरची थंडी ऐन भरात असते आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हाच प्रार्थना सप्ताह, सगळे शाली गुंडाळून बसतात, एका डब्यातून देशांच्या नावाच्या चिठ्ठ्या फिरतात आणि ज्याला जो देश येईल त्यानं तिथल्या सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश पोचवायच्या कामासाठी मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीनं, प्रार्थना करायची. यंदा शेजारच्या मावशींना मंगोलिया आला. "तिथं तर लय थंडी असन ना जी?" असं त्यांनी आधी विचारून घेतलं आणि मग तिथल्या मंडळ्या सांभाळणाऱ्या पाळकांच्या घरी शेगडी पेटती राहू दे बापा, इथूनच सुरुवात केली. परतताना एका पोरानं विचारलं, हे सगळं बाहेरून आलेलं आहे का? म्हणून हे लिहितोय.

हा जानेवारीचा सप्ताह खरं तर आपल्याकडून बाहेर गेला. १८५८ मध्ये लुधियानाच्या मिशनची बैठक झाली, माणसं अमेरिकन, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाची होती हे खरं, पण हाक पंजाबातून गेली, की १८६० च्या जानेवारीतला दुसरा आठवडा जगभरच्या मंडळ्यांनी सुवार्ता पसरावी म्हणून प्रार्थनेत घालवावा. तेव्हा पत्रं बोटीनं जायची, तरी इतक्या ठिकाणी तो आठवडा पाळला गेला की पुढे तो दरवर्षीचाच झाला.

त्याआधीही प्रार्थना पहिले आणि मिशन नंतर असंच झालेलं दिसतं. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात १७२७ मध्ये २४ पुरुष आणि २४ बायांनी तास वाटून घेतले, ती प्रार्थनेची साखळी शंभर वर्षांवर चालली, आणि पाचच वर्षांत तिथून एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले. इंग्लंडमध्ये १७८४ पासून बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या महिन्यातून एकदा सोमवारी जमायच्या, त्यांच्यातलाच विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला आणि नंतर त्यानंच मराठी व्याकरण छापलं. अमेरिकेत १८०६ मध्ये पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड प्रार्थना करत बसले, त्यातून पुढे जी संस्था उभी राहिली तिची माणसं १८१३ मध्ये मुंबईत पोचली, मराठी मिशन ते हेच.

नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. शाळा काढली, गोंडांची भाषा-गाणी टिपली, दगडातले जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून गेले. म्हणजे त्या काळी नागपूर हे नाव स्कॉटलंडच्या मंडळ्यांच्या प्रार्थनेत असायचं, त्यांच्या यादीतला दूरचा देश आपण होतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९१० चं स्कॉटलंडमधलं एडिंबरो. तिथं जगभरच्या मिशनची परिषद भरली होती आणि दक्षिण भारतातले ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरायांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही त्याग केलात, पण आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. हे बोलायला हिंमत लागते! त्याआधी १९०५ मध्येच त्यांनी आणि इतरांनी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी काढली होती, भारतीय माणसं आणि भारतीय पैसा. एडिंबरोनंतर १९१४ मध्ये भारतातल्या मिशनची राष्ट्रीय कौन्सिल झाली, आज तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, सिव्हिल लाइन्समध्ये, आणि १९७० मध्ये वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही इथंच ऑल सेंट्स कॅथेड्रलला झाली.

अझरायांची ती गोष्ट मला मार्चच्या पहिल्या शुक्रवारी दिसते, बायांच्या जागतिक प्रार्थना दिनाला, कारण तेव्हा त्या-त्या देशातल्या बायाच उपासना लिहून पाठवतात, २०२४ ला पॅलेस्टाईनच्या, २०२५ ला कुक आयलंड्सच्या. आपल्या चिठ्ठीवर मात्र नुसतं देशाचं नाव असतं, बाकी सगळं आपणच अंदाजानं मागतो. म्हणून मी मंडळीत सुचवलंय की पुढच्या जानेवारीत प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तिथल्या मंडळीनं स्वतः सांगितलेली एक तरी गरज लिहायची, त्यासाठी डिसेंबरपासून मेल करावे लागतील आणि मावशी म्हणाल्या मंगोलियाचं मी बघते.