मोबाइलवरची मराठी आणि ग्राहक : या विषयात पीएच.डी.साठी अर्ज कसा करावा

लोक मोबाइलवर कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत लिहितात, आणि त्याचा त्यांच्या खरेदीशी काय संबंध असतो, हा विषय पीएच.डी.साठी फार चांगला आहे. पण या विषयाचे अर्ज अडतात ते गुणांवर कमी आणि ‘हा विषय आमच्याकडे बसत नाही’ या शेऱ्यावर जास्त. म्हणून कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी अर्ज कोणत्या विषयात भरायचा ते ठरवा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथ्या शाखेच्या नावावरून अनेकांची फसगत होते. दोन विषयांची सरमिसळ असली की तिथे जागा मिळते, असा त्याचा अर्थ नाही. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या असे ठरलेले विषय त्या शाखेत येतात आणि अर्ज त्यांपैकी एका विषयातच करावा लागतो.

एक साधी कसोटी लावा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी कशातून मिळणार आहे? संदेशांच्या भाषेतून मिळणार असेल तर भाषाविज्ञान किंवा मराठी. ग्राहकाने काय निवडलं, किती वेळा घेतलं, अर्ध्यात का सोडलं यातून मिळणार असेल तर व्यवस्थापन किंवा वाणिज्य. माध्यमाची रचना आणि त्याचा वापर यातून मिळणार असेल तर जनसंज्ञापन (मास कम्युनिकेशन). घरात मोबाइल कोणाच्या हातात असतो आणि खरेदीचा निर्णय कोण घेतं, हे तपासायचं असेल तर समाजशास्त्र. यानंतर विद्यापीठाच्या जाहिरातीत त्या विषयासाठी कोणती पदव्युत्तर पदवी चालते ते पाहा. ‘संलग्न विषय’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने लावतं. जाहिरातीत यादी नसेल तर विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं ‘चालेल’ छाननीच्या टेबलावर दाखवता येत नाही.

पात्रता

सध्या लागू असलेले नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केले. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के किंवा त्याला समकक्ष श्रेणी लागते. चार वर्षांची पदवी घेतली असेल तर पदव्युत्तर पदवीशिवायही अर्ज करता येतो, पण तिथे अट ७५ टक्क्यांची आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रिमीलेअर), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. ५४.९ चे ५५ होत नाहीत. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर स्वतः करू नका. ज्या विद्यापीठाची पदवी आहे त्याचं रूपांतर प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिकेमागे छापलेलं सूत्र जोडा.

नेट की पेट

प्रवेशाचे दोन रस्ते आहेत. पहिला नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह) पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. जेआरएफ असेल तर प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निकाल हातात आहे म्हणून निवांत राहिलात आणि विद्यापीठाची जाहिरात उशिरा आली, तर ते वर्ष हातचं जातं.

नेटचा अर्ज भरताना विषयाचा क्रमांक जपून निवडा : समाजशास्त्र ०५, वाणिज्य ०८, व्यवस्थापन १७, भाषाविज्ञान ३१, मराठी ३८, जनसंज्ञापन व पत्रकारिता ६३. व्यवस्थापनातून नेट आणि पीएच.डी. भाषाविज्ञानात, असा अर्ज बहुधा छाननीतच बाजूला पडतो.

दुसरा रस्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे पेटचा. ज्या विद्यापीठात ती होते तिथे निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४५. इथेही परीक्षा ७० आणि मुलाखत ३० हेच प्रमाण आहे. अनेक जण विषयाचा अभ्यास करतात आणि संशोधन पद्धती वाऱ्यावर सोडतात. तिचे गुण निम्मे आहेत हे विसरू नका.

गाईडकडे जागा आहे का

गाईड म्हणून प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संशोधन केंद्रनिहाय रिक्त जागांची यादी असते. गाईडने तोंडी होकार दिला तरी त्या यादीत त्यांच्या नावापुढे शून्य असेल तर उपयोग नाही.

कागदपत्रं

दहावीचं प्रमाणपत्र, पदवी व पदव्युत्तरच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेट किंवा पेटचा निकाल, आधार, फोटो आणि सही हे नेहमीचं झालं. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्रही लागतं. स्थलांतर प्रमाणपत्राला कधीकधी आठवडे जातात, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता तो अर्ज आधीच करून ठेवा.

सर्वाधिक खोळंबा नावावरून होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवावी. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा अर्जाच्या दिवशी ते चालू आहे का ते पाहा. नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्य विद्यापीठासाठी राज्याचं. दोन्ही काढून ठेवावीत.

नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (प्रवेशानंतरचा सक्तीचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळीक दिली जाईल. तिसरं वाक्य हमखास राहून जातं. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. देतो असं कोणी सांगत असेल तर पैसे भरू नका, ती पदवी ग्राह्य धरली जात नाही.

आराखडा : इथे वेळ द्या

मुलाखतीत तुमचा संशोधन आराखडा समोर ठेवूनच प्रश्न विचारले जातात. ‘समाजमाध्यमांचा ग्राहकांच्या वर्तनावर होणारा परिणाम : एक अभ्यास’ हे शीर्षक घ्या. कोणती समाजमाध्यमं, कोणते ग्राहक, कुठले, कोणतं वर्तन, काहीच कळत नाही. आता हे पाहा : ‘व्हॉट्सॲपवरून किराणा मागवताना होणारी लिपीची निवड : सातारा शहरातील किराणा दुकाने व त्यांच्या ग्राहकांचा अभ्यास’. माध्यम, कृती, ठिकाण आणि मोजायची गोष्ट चारही दिसतात. मुलाखत घेणाऱ्यांना काय विचारायचं ते कळतं, आणि तुम्हालाही.

नमुना किती, हा प्रश्न नक्की येतो. लोकसंख्या मोठी असताना ९५ टक्के विश्वास पातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली तर सूत्राने ३८५ येतात. शंभरातले वीस जण प्रश्नावली अपुरी सोडतील असं धरलं तर ३८५ भागिले ०.८, म्हणजे ४८२ जणांपर्यंत पोहोचावं लागेल. पण हा आकडा सर्वेक्षणाचा आहे आणि तोही नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तरच. ओळखीच्या गटांत गूगल फॉर्म फिरवून ३८५ उत्तरं गोळा केली तर त्या सूत्राचा आधार घेता येत नाही.

संदेशांच्या अभ्यासात गणित आणखी वेगळं असतं. चाळीस जणांचे पाच हजार संदेश म्हणजे पाच हजार स्वतंत्र नमुने नव्हेत, कारण एकाच माणसाचे संदेश एकमेकांसारखे असतात. विश्लेषणात माणूस हा स्तर वेगळा धरणार आहात, हे आराखड्यात लिहा. या एका वाक्याने मुलाखतीचा सूर बदलतो.

‘तुम्ही मराठी कोणत्या लिपीत टाइप करता?’ असा प्रश्न प्रश्नावलीत घातला तर लोकांना स्वतःबद्दल काय वाटतं तेवढंच कळतं. त्याऐवजी उत्तर देणाऱ्यालाच त्याने पाठवलेले शेवटचे दहा संदेश पाहून देवनागरीतले, रोमन लिपीतले आणि आवाजी किती ते मोजून सांगायला लावा. मजकूर त्याच्याकडेच राहतो आणि आकडा खरा मिळतो. रोमन लिपीतल्या मराठीची नोंद कशी करणार तेही आधी ठरवा. ‘आहे’ हा शब्द कोणी ए-एच-ई असा लिहितो, कोणी ए-ए-एच-ई. मूळ लेखन एका रकान्यात जसंच्या तसं ठेवायचं आणि प्रमाण देवनागरी रूप शेजारच्या रकान्यात. सुरुवातीलाच सगळं ‘शुद्ध’ करून टाकलं तर ज्याचा अभ्यास करायचा तेच पुसलं जातं.

संमती आणि माहितीची गोपनीयता

व्हॉट्सॲपवरची गप्पांची फाइल बाहेर काढली की त्यात नावं येतात, आणि नंबर जतन केलेला नसेल तर थेट फोन नंबर येतो. दुकानदाराने ‘घ्या की’ म्हटलं म्हणून ग्राहकाची संमती मिळाली असं होत नाही. ज्यांचे संदेश वापरणार त्या प्रत्येकाची संमती हवी. एकाने नकार दिला तर त्याचे संदेश गाळून उरलेली फाइल वापरा. विद्यापीठात आचारनीती समिती असेल तर तिची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यावी लागते. नंतर घेतलेली मंजुरी आधी गोळा केलेल्या माहितीला लागू होत नाही.

संमतीपत्र लोकांच्या भाषेत लिहा. नमुना असा : ‘मी माझे किराणा मागवण्याचे संदेश या अभ्यासासाठी देत आहे. माझं नाव, नंबर आणि पत्ता काढून टाकला जाईल. मला कधीही, कारण न देता माघार घेता येईल आणि तसं सांगितल्यावर माझे संदेश पुसले जातील. या बदल्यात मला पैसे किंवा सूट मिळणार नाही.’ खाली सही आणि तारीख, आणि एक प्रत त्या व्यक्तीकडे. नावांच्या जागी ‘ग्रा-०७’ असे संकेत द्या आणि कोणता संकेत कोणाचा ही यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे, पण ती सशर्त आहे. त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेता येत नाही, आणि ठरवून दिलेले निकष पाळावे लागतात. १८ वर्षांखालच्यांना कायदा बालक मानतो, त्यामुळे कॉलेजमधल्या अकरावी-बारावीच्या मुलांचा अभ्यास करणार असाल तर पालकांची संमती आधी.

फेलोशिप

जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी उमेदवारांसाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. त्यांच्या जाहिराती ठरावीक काळात नोंदणी झालेल्यांसाठी निघतात, म्हणून नोंदणीचं पत्र आल्या दिवशीच त्यावरची तारीख तपासा. चुकीची असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

प्रवेशानंतर

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन व प्रकाशनातील आचारनीती हा विषय येतो, आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी २. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याशिवाय आणखी २ वर्षं मिळतात. बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती मागायला संकोच करू नये, तो हक्क आहे.

प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर त्या विषयात परवानगी आहे का ते अर्जाच्या वेळीच पाहा, आणि पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं टंकलेखन साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला निरर्थक चिन्हांसारखं दिसतं आणि शेवटच्या महिन्यात सगळं रूपांतर करत बसावं लागतं. जोडाक्षरं तुटतात, रफार जागचे हलतात, तक्ते कोलमडतात. इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के आलं तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. ग्राहकांचे संदेश जसेच्या तसे दिले असतील तर ते अवतरणचिन्हांत आणि संकेतासह द्या, म्हणजे ते उद्धरण आहे हे तपासणाऱ्याला दिसतं.