बुरशीनाशक नॅनोकण (त्वचेवाटे औषधयोजना)

बुरशीनाशक औषध साधारण १० ते १००० नॅनोमीटर आकाराच्या कणांत भरून ते जेल किंवा मलमातून त्वचेवर लावण्याची पद्धत. गजकर्ण, चिखल्या, शिबे अशा वरवरच्या बुरशीरोगांसाठी तिचा विचार होतो. मुंबईच्या पावसाळ्यात न वाळलेली जीन्स, ओले बूट आणि लोकलच्या गर्दीतला घाम यांमुळे जांघेत नि बोटांच्या बेचक्यांत असे रोग सहज बळावतात.

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. तरी ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू तो सहसा आत घेत नाही. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक (सुमारे ३४५ डाल्टन) या मर्यादेत बसते, ॲम्फोटेरिसिन बी हे दुसरे (सुमारे ९२४) बसत नाही. मात्र गजकर्णाची बुरशी याच थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते. त्यामुळे औषध रक्तात पोचवायचे नसून या थरात साठवून टिकवायचे असते. ‘खोलवर शिरणारे’ ही जाहिरातीतली फुशारकी इथे गैरलागूच म्हणायची.

अखंड कण सहसा त्वचा ओलांडत नाहीत. लायपोसोम म्हणजे मेदाच्या पटलाची सूक्ष्म पिशवी; तिच्यातील मेद त्वचेच्या मेदात मिसळतो आणि औषध तिथेच सुटते. काहीशे नॅनोमीटरचे कण केसांच्या मुळांशी साठून औषध हळूहळू सोडतात. घन मेदकण त्वचेवर पातळ पापुद्रा धरून ओलावा राखतात. पण साठवणीत मेदाचे स्फटिक जसजसे नीट रचले जातात, तसतसे औषध बाहेर ढकलले जाते. म्हणून त्यांत थोडा द्रव मेद मिसळतात.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९३३, पूर्वीची यूडीसीटी) औषधवाहक नॅनोकणांवर संशोधन होत आले आहे. परळच्या केईएम रुग्णालयात लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिन बीवर काम झाले, पण ते शिरेवाटे देण्याच्या औषधाचे. याच औषधाचे लायपोसोमयुक्त जेल आज भारतात विक्रीला आहे.

मर्यादा मोठी आहे ती वेगळ्याच ठिकाणी. भारतात फैलावलेल्या व २०२०मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए या बुरशीच्या अनेक वाणांत टर्बिनाफिन हे बुरशीनाशक ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते तेच बदललेले असते. वाहक कितीही चांगला असला तरी त्यापुढे टर्बिनाफिनचे फारसे चालत नाही. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते. नेहमीच्या मलमाप्रमाणेच नॅनो जेलही चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटीमीटरपर्यंत आणि चट्टा गेल्यावरही साधारण २ आठवडे लावावे लागते.