जपानी घरात राहून भाषा शिकायची आहे: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

जपानी कुटुंबात राहून भाषा शिकण्यासाठी वेगळा व्हिसा असतो का, हा प्रश्न मला एन५ची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सगळ्यांत सोप्या पातळीची, तयारी करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील नेहमी विचारतात. असा वेगळा व्हिसा नाही. अर्ज दोन असतात आणि ते दोन ठिकाणी जातात. एक जपानच्या इमिग्रेशन खात्याकडे, शिकायला येऊ द्या म्हणून. दुसरा शाळेच्या होमस्टे विभागाकडे किंवा कुटुंब जुळवून देणाऱ्या संस्थेकडे, घर मिळावं म्हणून. इमिग्रेशन तुमचं शिक्षण, शाळा आणि पैसा बघतं. कुटुंबाला तुम्ही घरात कसे राहाल हे जाणून घ्यायचं असतं. पहिल्या अर्जावर सहा महिने खपून दुसरा एका संध्याकाळी भरून टाकणारे खूप जण मी पाहिले आहेत, आणि पुढे त्यांना त्रास झाला तो त्या दुसऱ्या अर्जामुळे.

आधी मुदत ठरवा. ९० दिवसांच्या आतला छोटा अभ्यासक्रम अल्प मुदतीच्या व्हिसावर करता येतो, पण त्यावर एक येनही कमावता येत नाही. घरकाम किंवा मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या बदल्यात फुकट राहायची सोय कुणी देऊ करत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. मोबदला रोखीत नसला तरी तो मोबदलाच. काही देशांच्या तरुणांना जपानमध्ये वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळतो, पण भारताचा तसा करार नाही.

९० दिवसांहून जास्त शिकायचं तर विद्यार्थी व्हिसा हवा, आणि त्याची सुरुवात सीओई म्हणजे पात्रता प्रमाणपत्रापासून होते. हा अर्ज तुमच्या वतीने शाळा जपानमध्ये दाखल करते. त्यामुळे शाळा नीट निवडणं महत्त्वाचं. एप्रिल २०२४पासून तिथे भाषा शाळांना शिक्षण मंत्रालयाची मान्यता घेण्याचा नवा कायदा लागू झाला आहे आणि जुन्या शाळांना त्यासाठी मार्च २०२९पर्यंत मुदत आहे. तुमची शाळा विद्यार्थी व्हिसासाठी पात्र आहे का, हे एजंटच्या तोंडी शब्दावर न सोडता सरकारी यादीत स्वतः बघा.

पात्रतेत पहिली अट बारा वर्षांचं शालेय शिक्षण, म्हणजे आपली बारावी. त्याखेरीज बहुतेक शाळा १५० तास जपानी शिकल्याचं प्रमाणपत्र किंवा एन५च्या पातळीचा निकाल मागतात. इथे वेळेचं गणित चुकतं. जेएलपीटी, म्हणजे एन५ ज्यात येते ती जपानी भाषेची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. डिसेंबरचा निकाल जानेवारीच्या अखेरीस लागतो, तर एप्रिलच्या तुकडीचे अर्ज साधारण नोव्हेंबरमध्येच इमिग्रेशनकडे गेलेले असतात. एप्रिलमध्ये जायचं असेल तर आदल्या जुलैची परीक्षा धरून चला. डिसेंबरचा निकाल ऑक्टोबरच्या तुकडीला उपयोगी पडतो. बऱ्याच शाळांत जुलै आणि जानेवारीतही प्रवेश असतो.

कागदपत्रांत पासपोर्टची प्रत, शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, जपानी शिकल्याचा दाखला, ४ बाय ३ सेंटिमीटरचे फोटो आणि ‘मला जपानी का शिकायचं आहे’ हे सांगणारं पत्र येतं. हे पत्र नेटवरून उचलू नका. शिक्षण संपून बरीच वर्षं झाली असतील तर मधल्या काळात काय केलं ते यातच सरळ लिहा. लपवलेला गॅप शंका वाढवतो.

खर्च उचलणाऱ्याची कागदपत्रं वेगळी: बँकेतील शिलकीचा दाखला, नोकरीचं किंवा व्यवसायाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि तुमच्याशी असलेलं नातं दाखवणारा जन्मदाखला. वडील शेतकरी असतील तर आयकर विवरणपत्र नसण्याची शक्यता मोठी. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा जोडता येईल का, हे शाळेला आधीच विचारा. आयत्या वेळी खात्यात मोठी रक्कम भरली तर ती कुठून आली हा प्रश्न येणारच. पिकाच्या पट्टीच्या पावत्या, मोडलेल्या ठेवीची कागदं सांभाळून ठेवा. जपानी नसलेल्या प्रत्येक कागदाला जपानी भाषांतर लागतं, सातबाऱ्यालासुद्धा.

आणि नाव! आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नाव गायब, लग्न झालेल्या मुलींचं आडनावच निराळं. मराठी माणसाला हे इतकं सवयीचं असतं की तो फरक म्हणून डोळ्यांत भरत नाही, पण जपानी कारकुनासमोर ती दोन माणसं असतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. कुठलंही कागदपत्र दुरुस्त करायचं असेल तर ते अर्जाच्या आधी.

सीओई आता ईमेलनेही मिळतं आणि ते तीन महिने चालतं. त्या मुदतीत व्हिसा घेऊन जपानमध्ये पाऊल टाकायचं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे व्हिसा अर्ज मुंबईच्या जपानी महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात, आणि ते व्हिसा केंद्रात जमा होतात.

आता दुसरा अर्ज. होमस्टेचा फॉर्म दोन-तीन पानांचा असतो: आवडीनिवडी, आजार, अ‍ॅलर्जी, धूम्रपान, घरात कुत्रा-मांजर चालेल का, लहान मुलं चालतील का. आणि काय खाता. आपली मुलं तिथे ‘शाकाहारी’ एवढं लिहून मोकळी होतात. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी हा रस्सा, आणि तो बहुधा कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचा असतो. मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाजीत, नूडल्सच्या रश्शात तो दिसत नाही, पण असतो. मासा ताटात नाही म्हणजे जेवण शाकाहारी, असं यजमानीण बाई अगदी मनापासून समजतात. माझ्या ओळखीची एक मुलगी महिनाभर आनंदाने मिसो सूप प्यायली आणि मग कळल्यावर दोन दिवस रडली. त्या बाईंनाही तितकंच वाईट वाटलं. म्हणून नीट लिहा: मांस, मासे, दाशी, अंडी, दूध, स्वयंपाकातली साके म्हणजे तांदळाची दारू, यांतलं काय चालतं आणि काय नाही. कोम्बू या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके अळंब्यांची दाशीही असते, तीही सुचवा. काही कुटुंबं नाही म्हणतील, पण जे हो म्हणतील ते समजून हो म्हणतील. एखादी अट सैल करता येत असेल तर करा, पण जी पाळायची नाही ती अट लिहू नका.

सामान बांधताना मसाल्याची पूड न्या. ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं, कच्ची डाळ आणि तांदूळ यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराची नेता येतात, त्याहून जास्त असल्यास आधी परवानगी काढावी लागते. स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना बंदी आहे, घरातल्या औषधांचा डबा तसाच बॅगेत टाकू नका.

मोठ्या विमानतळांवर उतरताच झाइर्यू कार्ड म्हणजे निवासपत्र हातात मिळतं. आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करायचं तर त्याची परवानगीही तिथेच मागता येते. राहायचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत महापालिकेच्या कचेरीत तो नोंदवायचा आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. वय २० किंवा जास्त असेल तर पेन्शनची नोंदणीही होते, विद्यार्थ्यांसाठीची सवलत त्याच वेळी मागा.

पत्ता नोंदवताना एक प्रश्न येतो: तुम्ही याच कुटुंबात राहणार की तुमचं कुटुंब वेगळं? घर एकच असलं तरी कागदोपत्री स्वतःला वेगळं कुटुंब, म्हणजे स्वतःचेच सेताइनुशी (कुटुंबप्रमुख) म्हणून नोंदवा. आरोग्य विम्याच्या हप्त्याची नोटीस कुटुंबप्रमुखाच्या नावाने निघते. त्यांच्या कुटुंबात नाव घातलं तर तुमचा हप्ता यजमानांच्या नावावर येतो आणि कमी उत्पन्नाची सवलत ठरवताना त्यांची मिळकतही धरली जाते. जाण्याआधी कुटुंबाशी हे बोलून घ्या.

बऱ्याच ठिकाणी होमस्टे काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचाच असतो, मग वसतिगृह किंवा खोली बघावी लागते. घर बदललं की नवा पत्ता पुन्हा १४ दिवसांत नोंदवायचा. गाव बदललं तर जुन्या कचेरीत आधी स्थलांतराची नोंद करायची. आणि होस्टच्या घरी असेपर्यंत पत्त्यात यजमानांच्या आडनावानंतर ‘सामाकाता’ (म्हणजे ‘यांच्या घरी’) लिहायला आईवडिलांना सांगून ठेवा. दारावरच्या पाटीवर आडनाव त्यांचं असतं, त्यामुळे हा शब्द नसला तर पोस्टमन घरून आलेलं पत्र परत पाठवू शकतो.