मधुमेही पाय

मधुमेही पाय : दीर्घकाळच्या मधुमेहामुळे पावलाची संवेदना व रक्तपुरवठा कमी होऊन होणाऱ्या जखमा, जंतुसंसर्ग आणि कोथ म्हणजेच गँगरीन यांना मिळून दिलेले नाव. दर शंभर मधुमेहींपैकी 15 ते 25 जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला अशी जखम होते. मधुमेहापायी पाय कापावा लागलेल्या शंभरातल्या सुमारे 85 जणांची सुरुवात एखाद्या किरकोळ जखमेनेच झालेली असते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायाच्या टोकाकडचे मज्जातंतू आधी निकामी होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. पुढे आग थांबते आणि रुग्णाला वाटते, बरे झालो. प्रत्यक्षात पाय बधिर झालेला असतो. घाम येईनासा झाल्याने टाचांना भेगा पडतात. बोटे वाकडी होऊन पंजाच्या एकाच जागी भार येतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम होते. धमन्याही अरुंद झाल्या असतील तर ती भरून येत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे लवकर घडते.

सांगली जिल्ह्यात या पायाला इजा व्हायला निमित्त शोधावे लागत नाही. वाळवा, पलूसकडे तोड झालेल्या उसाच्या रानात बुडखे सुरीसारखे वर आलेले असतात. जत, आटपाडीकडे बाभळीचा काटा रबरी चपलेतून आरपार येतो आणि दिवसभर तळव्यात रुतत राहतो; पत्ता लागतो तो रात्री, घरच्यांना अंथरुणावर रक्ताचा डाग दिसल्यावर. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या कृष्णेच्या पुरात माणसे घाण पाण्यातून चालली, तेव्हा पायाला काय लागले हे बधिर पायाला कळणे शक्यच नव्हते. चैत्र-वैशाखात औदुंबरसारख्या ठिकाणी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने तळव्याला फोड येतात. थंडीत गरम पाण्यात पाय सोडून शेकण्याची सवयही तितकीच घातक. पाणी आधी हाताच्या कोपराने पाहावे.

सांगली हळदीची मोठी बाजारपेठ. साहजिकच जखम झाली की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. वरवरच्या खरचटण्याला ती चालून जाते. खोल जखमेत चेपली की वरून खपली धरते आणि पू आत कोंडतो. चुना, तंबाखूची राख तर लावूच नये. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडे फडके बांधावे, त्या पायावर भार देऊ नये आणि दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टर गाठावा. वास येणे, लाली वर सरकणे, बोट काळे पडणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तेवढेही थांबू नये.

तपासणी सोपी आहे. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. पावलाच्या वरची व घोट्यामागची अशा दोन नाड्या चाचपतात. याला पाच मिनिटे पुरतात, तरी शुगरची गोळी लिहून देताना चप्पल काढायला सांगणारे डॉक्टर थोडेच. वर्षातून एकदा ही तपासणी रुग्णाने मागून घ्यावी. घरी रोज रात्री आरशात तळवा पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, टाचांना व्हॅसलीन लावणे आणि पायाचे कुरूप (भोवरी) ब्लेडने न कापणे, एवढे जमले तरी पुष्कळ. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, बहुतेकांत 7 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. वृद्धांत थोडी सूट असते.

उपचारात मेलेली कातडी व मांस काढणे, गरजेपुरती प्रतिजैविके, आणि रक्तवाहिनी तुंबली असल्यास ती मोकळी करणे हे येते. मात्र जखमेवरचा भार काढल्याशिवाय बाकीचे फुकट जाते. हे ज्ञान कुष्ठरोगाकडून आले. संवेदना गेलेला पाय रोगाने गळून पडत नाही, वारंवारच्या दाबाने झिजतो, हे पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी तमिळनाडूतल्या वेल्लोरला दाखवले आणि पुढे अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात मधुमेहींच्या पायांनाही तोच न्याय लावला. कुष्ठरुग्णांसाठी रुळलेल्या मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराच्या चपला आज मधुमेहींनाही देतात. मागे पट्टा असलेली, पुढे रुंद अशी चप्पल चांगली. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात सांगली जिल्हाही येतो, पण तिचा कडक तळ आणि अंगठ्याची पट्टी बधिर पायाला सोसत नाही. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी. तोवर पाय थोडा सुजलेला असतो.

भरलेली जखम वर्षभरात शंभरातल्या सुमारे 40 जणांना पुन्हा होते, त्यामुळे अशा रुग्णाचा पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासतात.