रतीब कोणी लावला? बातम्यांचं अ‍ॅप आणि फीड रीडर

गेल्या जुलैत एका सकाळी कुरुंदवाडहून मावशीचा फोन आला. "अगं, पाणी धोक्याच्या वर गेलंय म्हणं, आणि तुम्ही अजून घरातच व्हय?" कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर तेव्हा पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीच्याही खाली होती; धोक्याची पातळी ४३ फूट. मावशीच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपनं जुनी बातमी सगळ्यात वर आणून ठेवली होती, आणि तिनं धान्याचे डबे एकटीनं माळ्यावर चढवले होते. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

मी तिला फीड रीडर घालून देते म्हटलं, तर मावसभाऊ म्हणाला, "तेच की ते, दोन्हीत बातम्याच येत्यात." दिसायला खरंच सारखं: एक यादी, ठिकठिकाणचे मथळे.

पण अ‍ॅपमध्ये काय वर दिसावं हे अल्गोरिदम, म्हणजे अ‍ॅपमधलं आपोआप चालणारं गणित, ठरवतो. पुराची एक बातमी उघडली की पुराच्या आणखी दहा येतात, ताजी-शिळी कशीही. खाली सरकवत राहा, तळ लागत नाही.

फीड रीडरमध्ये रतीब आपण लावतो. ज्या गवळ्याला सांगितलं, त्याचंच दूध दारात येतं, तसं. संकेतस्थळ आपल्या नव्या लेखांची यादी आरएसएस नावाच्या साध्या फाइलीत ठेवतं; हीच फीड. ही पद्धत १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं आणली. रीडर ती फाइल अधूनमधून तपासतो आणि नवं काही असलं तर तारखेच्या क्रमानं मांडतो. वाचून झालं की यादी रिकामी. सकाळी चहा संपेतो बातम्याही संपतात, हे सुख मला फार मोलाचं वाटतं.

१ जुलै २०१३ ला गुगल रीडर बंद झाला, तेव्हा आरएसएसच संपलं असं अनेकांना वाटलं. बंद झाला तो एक रीडर. संकेतस्थळांच्या फाइली जागेवरच होत्या; लोकांनी आपले रतीब ओपीएमएल फाइलीत, म्हणजे फीडच्या यादीच्या फाइलीत, भरून घेतले आणि फीडली, इनोरीडर अशा दुसऱ्या रीडरांकडे गेले.

मात्र रतीब बेतानं लावा. अख्ख्या दैनिकाची फीड घेतली तर रोज शेकड्यानं मथळे साचतात. कोल्हापूर पानाची वेगळी फीड असली तर तेवढीच घ्या. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या साधनावरच्या बहुतेक संकेतस्थळांना ती असतेच, यूट्यूबच्या चॅनेलनाही असते. रीडरमध्ये नुसता पत्ता टाकला तरी तो बहुधा फीड शोधून देतो.

नदी चढत असताना मात्र रीडरवर विसंबू नका. तो पुढच्या वेळी कधी तपासेल, हे आपल्या हातात नसतं. तेव्हा जिल्हा प्रशासनाची ताजी सूचनाच बघायची.

मावशीच्या मोबाइलमध्ये आता सहा रतीब आहेत. ती आधी तारखेवर बोट ठेवते, मग मथळा वाचते. पाण्याची पातळी अजून मला फोन करूनच विचारते, आणि मी लगेच बघून सांगते.