पिगीच्या चष्म्याने आग पेटेल का?

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत विज्ञानाची एक ढळढळीत चूक आहे. निर्मनुष्य बेटावर अडकलेली शाळकरी मुलं पिगी नावाच्या गुबगुबीत मुलाचा चष्मा ओढून घेतात, उन्हात धरतात आणि वाळक्या लाकडांचा ढीग पेटवतात. पुढची जवळजवळ सगळी भांडणं त्या आगीवरून आणि त्या चष्म्यावरून होतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याचा नंबर मायनस. मायनस नंबरची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. तिच्यातून जाणारे किरण एकत्र येत नाहीत, फाकतात. लहानपणी भिंगाने कागद जाळलेल्या कुणालाही ठाऊक असतं की आगीसाठी ऊन एका ठिपक्यात गोळा व्हावं लागतं, आणि ते काम मधे फुगीर असलेलं भिंग करतं. बेटावर एखाद्या आजोबांचा जाड प्लस नंबरचा चष्मा असता तर निदान धूर निघाला असता. पिगीच्या चष्म्याने फारतर फिकट सावली पडेल.

ही चूक तपासायला एक दुपार आणि एक चष्मा पुरतो. कादंबरीतला दुसरा, मोठा दावा तपासणं मात्र तितकं सोपं नाही. मोठी माणसं, कायदा, शाळा, पोलीस हे सगळं बाजूला काढलं की माणसावरचा सुसंस्कृतपणाचा मुलामा उडतो आणि खालचं पितळ उघडं पडतं, असा तो दावा आहे. गोल्डिंग इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या शाळेत शिक्षक होते. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हाही होते. कादंबरी १९५४ च्या सप्टेंबरात आली. मुलांचा कळप रोज बघणाऱ्या आणि माणसांनी माणसांचं काय केलं ते पाहून आलेल्या माणसाला असं वाटलं, यात नवल नाही. पण वाटणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

आधी आग घेऊ. डोंगरमाथ्यावर धूर दिसत राहिला तर एखादं जहाज येईल, म्हणून मुलांनी पुढारी निवडलेला राल्फ आग चालू ठेवायचा नियम करतो. लाकडं आणायचे कष्ट ज्याचे त्याचे, सुटकेचा फायदा मात्र सगळ्यांचा. मग मी कशाला राबू? शिकाऱ्यांचा म्होरक्या जॅक आपली टोळी घेऊन डुकरामागे जातो, आग विझते आणि नेमकं तेव्हाच जहाज निघून जातं. अर्थशास्त्रात या पेचाचा एक खेळ करून ठेवला आहे. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी झुरिकमध्ये तो २४० विद्यार्थ्यांकडून खेळून घेतला आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. सामाईक डब्यात टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ नाणं मिळतं. म्हणजे सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे २० चे ३२ होतात. पण एकट्याने हात आखडला तर तो आपलं राखून दुसऱ्यांच्या पैशावर मजा मारतो. डाव पुढे सरकले तशी डब्यातली नाणी कमी होत गेली. मग खेळणाऱ्यांना, आपल्या खिशाला थोडी झळ सोसून, चुकारांना दंड करायची सोय दिली. तेव्हा डबा भरू लागला.

राल्फकडे असा दंड नाही. त्याच्याकडे शंख आहे. ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. (मराठीत ठोंब्याला ‘शंख’ म्हणतात आणि बोंब मारण्यालाही शंख करणं म्हणतात. राल्फच्या सभा शेवटी या दोन्ही अर्थांना जागतात.) सगळे मानतात तोवर शंखाला वजन असतं. पहिल्याने मानलं नाही आणि त्याला काहीच झालं नाही, की तो नुसता शिंपला उरतो.

दंड आला की सगळं सुरळीत होतं असंही नाही. हाच खेळ पुढे जगातल्या १६ शहरांत खेळवला गेला. काही शहरांत लोकांनी चुकारांबरोबर प्रामाणिकपणे नाणी टाकणाऱ्यांनाही दंड केला, बहुधा ‘फार शहाणा समजतोस का’ या भावनेने, आणि तिथे सहकार्य वाढलंच नाही. कादंबरीत जॅक विल्फ्रेड नावाच्या एका मुलाला बांधून फटकावतो. का, ते कुणालाच माहीत नसतं. तरीही कुणी विचारत नाही.

ही कादंबरी जंगलीपणाची म्हणून ओळखली जाते, पण इथे मला अडायला होतं. जॅकची टोळी अव्यवस्थित कुठे आहे? तिला प्रमुख आहे, पहारेकरी आहेत, शिक्षा आहेत, नाच आहे, किल्ला आहे. राल्फच्या सभेत झोपड्या बांधायला माणूस मिळत नाही, जॅककडे मात्र हुकूम सुटला की दहा जण धावतात. शिस्तीत बघायचं तर जॅकचीच टोळी सरस. शेवटी मुलांना सोडवायला येतो तो नौदलाचा अधिकारी, कडक इस्त्रीच्या गणवेशातला. मुलांचा रानटीपणा बघून तो ओशाळतो, पण त्याची स्वतःची बोट निघालेली असते युद्धावरच.

जॅकची टोळी तोंडाला पांढरी माती, लाल माती, कोळसा फासते आणि रंगाआड त्यांची लाज सुटते. यावर बरंच संशोधन झालं आहे. जॉन वॉटसन यांनी १९७३ मध्ये २३ समाजांच्या नोंदी पडताळल्या. लढाईआधी तोंड रंगवून किंवा मुखवटे घालून रूप बदलणारे योद्धे शत्रूशी जास्त क्रूर वागतात, असं त्यांना आढळलं. पण मला त्याहून बोलका वाटतो तो १९७९ मधला जॉन्सन आणि डाउनिंग यांचा प्रयोग. त्यांनी काही जणांना कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या हिंसक वर्णद्वेषी संघटनेसारखे अंगरखे दिले, काहींना परिचारिकेचे. मग दुसऱ्याला विजेचे झटके देण्याची संधी दिली (झटके अर्थातच खोटे होते). परिचारिकेच्या वेशात ओळख लपली तेव्हा लोकांनी झटके वाढवले नाहीत, उलट कमी केले. म्हणजे मुखवटा नुसती लाज काढून घेत नाही, तो एक भूमिका हातात देतो. ती भूमिका कसली, यावर पुढचं ठरतं.

गंमत म्हणजे कादंबरी छापली जायच्या ऐन उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात जवळजवळ हीच गोष्ट खरोखर घडवली जात होती. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांची छावणी भरवली. मुलं निवडून घेतलेली: धडधाकट, खाऊनपिऊन सुखी घरांतली, शाळेत कुरापती न काढणारी. पालकांना वाटलं उन्हाळी शिबिर आहे. शेरीफ स्वतः छावणीतल्या गड्याच्या वेशात वावरत होते. अकरा-अकरांचे दोन गट वेगवेगळे आणले आणि पहिला आठवडाभर एकमेकांपासून दूर ठेवले. तेवढ्यात एक गट ‘रॅटलर्स’ झाला, दुसरा ‘ईगल्स’. झेंडे आले, नियम आले, पुढारी आले. मग स्पर्धा लावली: बेसबॉल, रस्सीखेच, आणि जिंकणाऱ्या गटाला खिशातले चाकू. फक्त एकाच गटाला.

पुढचं सांगायलाच नको. ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. रात्री एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं तर खरकटं फेकाफेकी झाली. यात बेशिस्त मुलगा एकही नव्हता. उलट गट जितका घट्ट, तितका द्वेष धारदार.

मग शेरीफनी तिसरा अंक सुरू केला. पाण्याच्या टाकीचा नळ मुद्दाम तुंबवला. दोन्ही गटांनी मिळून शोधल्याशिवाय पाणी नाही. जेवण आणायचा ट्रक बंद पडला. सगळ्यांनी रस्सीखेचीचाच दोर बांधून तो ओढला. भांडणं एका दिवसात नाही, पण हळूहळू निवळली. परतताना बहुतेकांना एकाच बसमधून जायचं होतं. वाटेत बस थांबली, तेव्हा रॅटलर्सनी बक्षिसात मिळालेले पाच डॉलर खर्चून सगळ्यांना, ईगल्सनाही, दुधाचं माल्ट पाजलं.

पाठ्यपुस्तकांत गोष्ट इथेच संपते. पण शेरीफनी १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथेही अशीच छावणी भरवली होती. तिचं नाव बरीच वर्षं कुणी घेत नव्हतं, कारण ती फसली होती. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिलं, दोस्ती होऊ दिली आणि मग ‘पायथन्स’ व ‘पँथर्स’ असे गट पाडले. भांडणं काही पेटेनात. तेव्हा छावणीतल्या मोठ्या माणसांनीच लपूनछपून कपडे इकडचे तिकडे केले, झेंड्याचा दोर कापला, तंबू पाडला, एकाचं आवडतं उकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य) मोडलं, म्हणजे दुसऱ्या गटावर आळ येईल. मुलांनी कपड्यांचं खापर धुलाईच्या घोटाळ्यावर फोडलं. रस्सीखेच हरलेले पायथन्स म्हणाले, त्यांचा संघ आपल्यापेक्षा बरा होता. आणि हळूहळू मुलांना संशय यायला लागला तो मोठ्यांचाच. प्रयोग गुंडाळावा लागला.

दोन्ही छावण्यांत मुलं साधारण एकाच वयाची, एकाच प्रकारच्या घरांतली. फरक होता मांडणीत: आधी दोस्ती की आधी गट. गोल्डिंगच्या बेटावरची मुलं आधीच वाटलेली येतात हे आता लक्षात येतं. जॅक पहिल्यांदा दिसतो तोच काळे झगे घातलेल्या गायकवृंदाला रांगेत चालवत. त्याच्याकडे टोळी पहिल्या दिवसापासून आहे. राल्फकडे नुसती मुलं आहेत.

प्रयोगशाळेबाहेरची उदाहरणं द्यायची तर प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाच्या सहा शाळकरी मुलांची गोष्ट आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. १९६५ मध्ये बोट पळवून निघालेली ही मुलं वादळात सापडून अटा नावाच्या ओसाड बेटावर पोचली आणि १९६६ च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला सापडेपर्यंत नीट राहिली. आग विझू दिली नाही, कामं वाटून घेतली, एकाचा मोडलेला पाय बांधून बरा केला. पण ती सहा जणं आधीपासूनची मित्र होती. एवढ्यावरून ‘माणूस मुळात चांगला’ असं म्हणणं मला गोल्डिंगइतकंच घाईचं वाटतं.

मला त्याहून जास्त शिकवतं ते न्यूझीलंडच्या दक्षिणेचं ऑकलंड बेट. थंड, वादळी, ओसाड. १८६४ च्या जानेवारीत तिथे ‘ग्राफ्टन’ हे छोटं जहाज फुटलं. वेगवेगळ्या देशांचे पाच जण किनाऱ्याला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात बेटाच्या दुसऱ्या टोकाला ‘इन्व्हरकॉल्ड’ फुटलं आणि १९ जण जमिनीवर पोचले. एकमेकांचा पत्ता दोन्ही टोळ्यांना नव्हता. ग्राफ्टनच्या लोकांनी झोपडी बांधली, मतं देऊन कप्तान मसग्रेव्हला कुटुंबप्रमुख केलं आणि तो नीट वागला नाही तर मतांनीच काढायचा, असंही ठरवलं. संध्याकाळी एकमेकांना शिकवायचे. रेनाल नावाच्या फ्रेंच खलाशाने पत्त्यांचा जोड बनवला. डावावरून भांडणं होताहेत म्हणताच जाळून टाकला. इन्व्हरकॉल्डवाले फुटत गेले, दुबळ्यांना मागे टाकत गेले. वर्षभराने एका जहाजाने त्यांना उचललं तेव्हा तिघे उरले होते.

ही तुलना अगदी निर्मळ नाही. ग्राफ्टनमधून हत्यारं आणि सामान काढता आलं, इन्व्हरकॉल्डच्या लोकांकडे जवळजवळ काहीच नव्हतं. शिवाय पाच तोंडांना पुरेसं सील मांस एकोणीस तोंडांना पुरत नाही. पण पाचांपैकी पाचही जगले.

दीड वर्षाने त्यांनी आपली होडी डागडुजी करून मोठी केली आणि तिघे जण न्यूझीलंडला पोचले. मागे राहिलेल्या दोघांना आणायला मसग्रेव्ह दुसऱ्या बोटीने परत आला. त्यांना घेऊन निघताना बेटाच्या उत्तरेला, एका पडक्या घरात, त्याला एक प्रेत दिसलं. पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी पाटी, पाटीवर काहीतरी खरडलेलं, पण वाचता न येणारं. तो इन्व्हरकॉल्डचा माणूस होता. पाय दुखावला म्हणून सोबत्यांनी सोडून दिलेला. त्याचं नाव मसग्रेव्हला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याच्यासाठी खड्डा खणला, त्याला पुरलं आणि मग बोट हाकारली.