युरेनियमची हिरवी चमक किरणोत्साराची नव्हे

‘युरेनियम किरणोत्सारी असल्यामुळे अंधारात हिरवे चमकते’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. युरेनियमयुक्त काचेचे छायाचित्र पाहून तसे वाटणे स्वाभाविकच आहे; परंतु ती छायाचित्रे अतिनील दिव्याखाली घेतलेली असतात. दिवा बंद करताच चमक नाहीशी होते, किरणोत्सार मात्र तसाच चालू राहतो. शिवाय शुद्ध युरेनियम धातू नुसता रुपेरी दिसतो. चमकतो तो युरेनिल आयन, म्हणजे युरेनियम आणि ऑक्सिजन यांचा विद्युतभारित अणुगट: त्यात युरेनियमच्या दोन्ही बाजूंना, सरळ रेषेत, एकेक ऑक्सिजन अणू असतो आणि हा गट अतिनील प्रकाश शोषून हिरवट प्रकाश बाहेर टाकतो.